दांडा फिरवायची किसणी: गच्चीवर झुकिनी असेल तर घ्या

आधी किंमत सांगून टाकते, कारण विचारणारे तेच आधी विचारतात. नागपुरात इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानात मला ७५० रुपयांना मिळाली. ऑनलाइन हीच वस्तू कधी ६०० ला दिसते, कधी हजाराच्या पुढे. खाली ओट्याला चिकटणारं रबरी बूड, वर भाजी टाकायचं चौकोनी तोंड, बाजूला फिरवायचा दांडा, आणि सोबत स्टीलचे तीन ड्रम: बारीक किसाचा, जाड किसाचा आणि चकत्यांचा. बाजारात ही चार-पाच वेगवेगळ्या नावांनी आहे. रंग बदलतो, साचा तोच. त्यामुळे नावाच्या मागे लागू नका, दुकानात ‘ड्रमवाली किसणी’ म्हटलं की समोर येते.

दुकानदाराला वाटलं, मी गाजराच्या हलव्यासाठी आले. हिवाळ्यात किसणी मागणारी बाई दुसऱ्या कशासाठी येणार, असा त्यांचा हिशेब. म्हणाले, ‘‘ताई, दहा किलो गाजर काढा नं यातून, हात दुखणार नाही.’’ मी म्हटलं, झुकिनी काढायची आहे. जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘निघेल नं, ते पण निघेल.’’ निघते. पण कशी निघते आणि निघाल्यावर पुढे काय, हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

इतकी झुकिनी आली कुठून, तेही सांगायला हवं. आमचं घर त्रिमूर्ती नगरात, वर मोकळी गच्ची. उन्हाळ्यात तिथे अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, म्हणून यांची सगळी शेती दसऱ्यानंतर सुरू होते आणि होळीपर्यंत आटोपते. यंदा पेंटच्या रिकाम्या बादल्यांत झुकिनी लावली. हिचा वेल जात नाही, जागच्या जागी मोठ्ठाल्या पानांचं झुडूप होतं, त्यामुळे गच्चीला सोयीची. पाकिटात होत्या तेवढ्या सगळ्या बिया यांनी लावल्या आणि जवळजवळ सगळ्या उगवल्या. दीड महिन्यात फळं सुरू.

तरीही एवढी झाली नसती. झुकिनीच्या झाडावर नर फुलं वेगळी आणि मादी वेगळी. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ आधीच लागलेलं असतं, पण मधमाशीने पराग आणून टाकला नाही तर ते पिवळं पडून गळतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या कमी. म्हणून यांनी चित्रकलेचा ब्रश घेतला आणि रोज सकाळी चहाच्या आधी नराचा पराग मादीवर फिरवायला लागले. सकाळीच का, तर ऊन चढलं की ती फुलं मिटतात. शेजारच्या काकाजींची निम्मी फळं गळाली, आमचं एकही नाही. संत्र्याचं रिकामं खोकं आम्ही झुकिनीसाठी ठेवलं होतं, ते भरून वाहायला लागलं.

वाटून बघितली. पहिल्या खेपेला गल्लीत सगळ्यांनी कौतुकाने घेतली. दुसऱ्या खेपेला ‘वहिनी, आधीचीच आहे हो अजून’ सुरू झालं. कामाला येणाऱ्या ताईंनी तर सरळ सांगितलं की घरी पोरं ताटात बाजूला काढून ठेवतात, देऊ नका. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, माहेरच्या उमरेडकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘ही कुठली व भाजी?’’ यांनी उत्साहाने सांगितलं, भोपळ्याच्याच कुळातली, मूळ अमेरिका खंडातली, आणि ही लांबट हिरवी जात इटलीत तयार झालेली. आई म्हणाल्या, ‘‘मंग तिकडंच राहू द्याची होती.’’

तर किसणी.

पहिली गोष्ट तिच्या बुडाची. खाली रबर आहे, बाजूला खटका आहे, खटका फिरवला की हवा निघून ती जागेवर घट्ट बसते. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत ओट्यावर ही बसली की दोन्ही हातांनी ओढली तरी हलत नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात अर्धा ओटा ग्रॅनाइटचा आणि मोरीजवळचा भाग जुन्या कडप्प्याचा आहे. कडप्प्यावर ती बसते, पाच-सहा फेरे निमूट फिरते, आणि मग किसाच्या परातीसकट पुढे सरकायला लागते. दगडाच्या खरखरीतून हवा शिरते, दुसरं काही नाही. रबर ओल्या फडक्याने पुसून लावलं तर थोडं जास्त टिकतं. जुन्या घरात पूर्ण ओटा कडप्प्याचा असेल तर खाली काचेचा किंवा गुळगुळीत टाइलचा तुकडा लागेल, आणि तो तुकडा सरकेल ते वेगळंच. आई खाली बसून काम करणाऱ्या. फरशीवर त्यांनी ती लावून बघितली, फरशीच्या सांध्यावर बूड आलं की चिकटत नाही. ‘‘हे उभ्याने काम करणाराचं यंत्र हाय,’’ असा त्यांनी निकाल दिला, आणि तो बरोबर आहे.

दुसरी गोष्ट तोंडाची. भाजी टाकायचं तोंड अरुंद आहे. वीतभर लांबीची कोवळी झुकिनी उभी अर्धी चिरून सरळ आत जाते. खरं तर झुकिनी त्याच मापाची असताना तोडायची असते. पण दोन दिवस लग्नाला अमरावतीला जाऊन आलो, तर पानांखाली लपलेली दोन फळं हातभर झाली होती. ही भाजी त्या बाबतीत विश्वासाची नाही. मोठ्या फळाचं साल जाड, मधला गर कापसासारखा आणि बिया टणक. ते उभं चिरून मधला गर चमच्याने खरवडून काढायचा, साल सोलायचं, मग चार फाका करून तोंडात घालायच्या. गरासकट टाकलं तर ड्रममध्ये लगदा अडकतो आणि दांडा जड होतो.

आणि किसायच्या आधी प्रत्येक फळाच्या देठाकडचा एक पातळ काप जिभेला लावून बघायचा. चावून गिळायचा नाही, चव बघून थुंकायचा. काकडी-दुधीसारखंच या कुळात कधीतरी एखादं फळ कडू निघतं. तो कडूपणा शिजवून जात नाही आणि तो पोटाला नुसता त्रासदायक नाही, विषारी असतो. कडू दुधीच्या रसाने लोक गंभीर आजारी पडले, काही दगावलेही, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि कडू लागला तर रस पिऊ नका असं तिने सांगितलं होतं. हातावर किसताना माणूस एकेक फळ हाताळतो, या यंत्रात फाका भराभर जातात आणि एक कडू फळ परातभर किसात मिसळून जातं. मग पूर्ण परात फेकावी लागते. यंत्राचा वेग असा महागात पडू शकतो.

आता वेग. जाड ड्रम लावला तर किलोभर झुकिनी पाच मिनिटांच्या आत संपते. साध्या सपाट किसणीवर तेवढ्यालाच पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि झुकिनी ओली असल्यामुळे शेवटी हातातून निसटते आणि बोटाचं पेर किसणीवर जातं. ते इथे नाही, वरून दाबायला प्लास्टिकचा ठोकळा दिलाय, हात पात्याजवळ जातच नाही. माझ्या भाचीची दहा वर्षांची मुलगी आली होती, तिने अर्धं खोकं एकटीने किसलं आणि वर आणखी आहे का म्हणून विचारलं. या मुद्द्यावर पूर्ण गुण. प्रत्येक फाकेचा शेवटचा रुपयाएवढा पापुद्रा ड्रम आणि ठोकळ्याच्या मध्ये राहून जातो, तो हाताने काढायचा आणि वरणात टाकायचा.

पण किसणं हे या भाजीचं सोपं काम आहे. अवघड काम त्यानंतरचं, आणि खोक्यावर छापलेल्या हसऱ्या बाईच्या फोटोत ते कुठेच नाही. झुकिनीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दुधीतही तेवढंच असतं, पण दुधीचा किस शिजताना जरा तग धरतो. झुकिनीचा किस कढईत पडला की बसतोच, आणि भाजीचं सूप होतं. मीठ घातलं की आणखी लवकर. म्हणून किस झाला की आधी मीठ: किलोला दोन छोटे चमचे. हाताने कालवायचं, परात एका बाजूला उंच करून ठेवायची, वीस मिनिटं दुसरं काम करायचं. मग सुती पंच्यात किस घालून पिळायचा. थोडा थोडा नाही, पंच्याची पुरचुंडी करून, दोन्ही हातांनी, नळाला अडकवून. किलोमागे दीड-दोन पेले पाणी सहज निघतं, आणि परातभर किसाचा उरतो मोठ्या वाटीएवढा गोळा. खोकंभर झुकिनीचं काय करू, हा प्रश्न खरा सुटतो तो इथे. जागा कमी होते, चव दाट होते, आणि तो गोळा ज्यात घालाल त्यात मुकाट्याने मावतो.

म्हणूनच तीन ड्रमपैकी कामाचा एकच, जाड किसाचा. बारीक ड्रमने झुकिनीचा चिखल होतो. तो पंच्यात घातला की पाण्याबरोबर निम्मा किसही कापडातून बाहेर येतो आणि उरलेला कापडाला चिकटून बसतो. बारीक ड्रम मी दाण्याच्या कुटासाठी ठेवलाय. भाजलेले दाणे त्यातून काढले की कूट मोकळा पडतो, मिक्सरमध्ये जसं तेल सुटून गोळे होतात तसं होत नाही. सुकं खोबरंही छान निघतं. या दोन कामांसाठी आईंनीसुद्धा यंत्राला मान्यता दिली आहे. चकत्यांचा ड्रम मात्र नावापुरता. चकत्या एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ, काही अर्धचंद्र, काही नुसते तुकडे. भज्यांना चालतात, कारण बेसनात कोण बघतं. काप वाळवायचे असतील तर विळीच बरी.

पिळलेलं पाणी फेकू नका. खारट असतं, हिरवट असतं, पण थालीपिठाची भाजणी किंवा पोळ्यांची कणीक त्यात मस्त भिजते. फक्त वेगळं मीठ घालायचं नाही. आमच्याकडे दोन-तीनदा कणकेत दोन्हीकडून मीठ पडलं, एकदा आईंकडून, एकदा यांच्याकडून. आता पाण्याच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, झाकण ठेवून वर मिठाची पुडी ठेवते, म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळतं.

या किसाचा आमच्या घरी सर्वांत यशस्वी झालेला पदार्थ म्हणजे गोळाभात. बाहेरच्यांसाठी सांगते: चण्याच्या डाळीचा भरडा, त्यात तिखट, हळद, हिंग, जिरं, मीठ, तेलाचं मोहन घालून गोळे करायचे, भात अर्धा शिजला की त्यावर ठेवायचे आणि झाकण घालून मंद आचेवर वाफेत होऊ द्यायचे. ताटात भात, त्यावर कुस्करलेला गोळा, त्यावर मोहरी-हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी. भरडा भिजवायला पाणी लागतं, त्याऐवजी मी पिळलेला किस घातला. एक वाटी भरड्याला अर्धी वाटी किस आणि भरपूर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. गोळे आतून मऊ राहतात, कोरडे होऊन घशात अडकत नाहीत, आणि हीच गोळाभाताची नेहमीची तक्रार असते. पण किस नीट पिळलेला हवा. ओला राहिला तर गोळा भातात फुटतो आणि सगळा भात पिवळा होतो, चव बरी असली तरी पंगतीत वाढता येत नाही. तिखट भिवापूरचं. आईंच्या माहेराजवळचं म्हणून नव्हे, रंग आणि जोर दोन्ही त्यात आहे, आणि आता तर त्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. झुकिनीला स्वतःची चव जवळजवळ नसते, तिला असं कोणीतरी सोबत लागतं.

त्याखालोखाल झुणका. इथे उलटं करायचं, किस पिळायचाच नाही. लसूण, मोहरी, जिरं, हिरव्या मिरचीची फोडणी, कांदा चांगला लाल, त्यावर न पिळलेला जाड किस. तो पाणी सोडायला लागला की वरून कोरडं बेसन भुरभुरवत हलवायचं. बाहेरून पाण्याचा थेंब नाही. झुकिनीच्याच पाण्यात बेसन शिजतं आणि मोकळा, किंचित ओलसर झुणका होतो. ज्वारीची भाकरी, कांदा, ठेचा. यांच्या ऑफिसातले दोघं जण जेवायला आले होते, भाजी ओळखा म्हटलं तर एक म्हणाले कोबी, दुसरे म्हणाले मुळा. सांगितल्यावर दोघांनाही खोक्यातून दोन-दोन बांधून दिली. नाही म्हणता येईना त्यांना.

हलव्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात: नको. पिळून, तुपात परतून, खवा घालून केला. दिसतो सुंदर हिरवा, पण दाताखाली काहीच लागत नाही. दुधीचा हलवा करायचा असेल तर दुधी आणा. सांबारवडीच्या सारणात घालायचा सल्ला आमच्या भिशीत एकीने दिला, त्यावर मी गप्प बसले. हिवाळ्यात कोवळ्या सांबाराच्या जुड्या दहा-दहा रुपयांना मिळत असताना त्यात झुकिनी मिसळायची म्हणजे सांबाराचा अपमान आहे. सावजी रश्श्यात फोडी घालून पाहिल्या, त्या तेलात विरघळून गेल्या, रस्सा मात्र उत्तम होता, तो झुकिनीशिवायही उत्तमच असतो.

फुलांची भजी करा. नर फुलं खूप येतात, परागासाठी दोन-चार झाडावर ठेवून बाकीची सकाळीच तोडायची, आतला पिवळा दांडा काढायचा, मुंगी-किडा झटकायचा आणि तांदळाचं पीठ घातलेल्या बेसनात बुडवून तळायची. यात किसणीचा काही संबंध नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिलं.

आता जे अजून चालू आहे ते, म्हणजे वड्या. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी मुंगवड्या घालतातच, आणि कोहळं किसून घातलेल्या डाळीच्या वड्याही. फेब्रुवारी संपता संपता झुकिनीच्या पानांवर पांढरी भुरी येते, झाडं थकतात, आणि तेव्हाच नागपूरचं ऊन वाळवणाचं होतं. हा मेळ इतका चांगला बसतो की ही भाजी इथलीच वाटावी. मुगाची डाळ रात्री भिजवून जाडसर वाटायची, त्यात हिरवी मिरची, आलं, लसूण, जिरं, हिंग, आणि डाळीच्या निम्मा घट्ट पिळलेला किस. प्लास्टिकच्या पन्नीला तेलाचा हात लावून त्यावर बोराएवढ्या वड्या. तीन-चार कडक उन्हं दाखवली की खडखडीत वाळतात. इथे मी ओलसर किसाला अजिबात माफी देणार नाही. वडी वरून वाळते, आत दमट राहते आणि डब्यात महिन्याभरात बुरशी धरते. पंचा पिळून झाल्यावर किस आणखी तासभर ताटात पसरून ठेवावा, मग डाळीत घालावा. या कामासाठी आई स्वतः गच्चीवर आल्या. वड्या घालताना त्यांनी किस हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, ‘‘किस एकसारखा हाय.’’ आईंकडून एवढं ऐकायला मिळणं मोठी गोष्ट आहे. भरडा, डाळी, ज्वारी यांत त्यांना कोणाचं काही पटत नाही.

जे वड्यांत गेलं नाही ते फ्रीजरमध्ये गेलं. पिळलेला किस मुठीएवढा एकेका पिशवीत, सपाट करून, एकावर एक. काढल्यावर तो पुन्हा थोडं पाणी सोडतो, पुन्हा एकदा मुठीत दाबायचा. पराठ्यात, थालीपिठात, गोळाभातात फरक कळत नाही. झुणक्यात कळतो.

धुण्याबद्दल. कंपनी म्हणते नळाखाली धरलं की साफ. जाड ड्रम खरंच तसा साफ होतो, लगेच धरला तर. हिवाळ्याची हवा आपल्याकडे इतकी कोरडी की अर्ध्या तासात सालीचे हिरवे धागे ड्रमच्या दातांत वाळून घट्ट होतात, मग जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. ब्रश आतून बाहेर फिरवायचा. बाहेरून आत फिरवला तर ब्रशचेच केस किसले जातात. दांड्याच्या खोबणीत पाणी साचतं, ते उलटं करून निथळायला ठेवावं. सतत वापरून माझ्या यंत्राच्या दांड्यात थोडी लचक आली आहे, फिरवताना कचकच आवाज येतो. अजून तुटला नाही, पण प्लास्टिकचं काम आहे, गाजराचे मोठे तुकडे जोर लावून रेटू नका. कच्ची पपई यात घालूच नये, एका नातेवाईकांच्या घरी त्यात ड्रमची कडी तुटली.

मिक्सरच्या फूड प्रोसेसरशी तुलना करायची तर तो अर्थातच आणखी वेगवान आहे. माझ्या नणंदेकडे आहे, चार-पाच हजारांचा. किलोभर झुकिनी मिनिटात संपते. पण त्याच्या मोठ्या भांड्याचं धुणं, झाकणाच्या खाचा, वीज, आणि आवाज असा की दुपारी झोपलेलं घर उठून बसतं. शिवाय त्याच्या फिरत्या चकतीत मऊ झुकिनीचा किस जरा जास्तच ठेचला जातो आणि पाणी तिथेच सुटायला लागतं. नणंदेला ते चालतं, तिच्याकडे गच्ची नाही, ती महिन्यातून एकदा गोकुळपेठेच्या बाजारातून दोन झुकिन्या आणते आणि त्या पास्त्यात घालते.

आणि हाच माझा मुद्दा. तुम्ही बाजारातून दोन झुकिन्या आणत असाल तर ही किसणी घेऊ नका. काढायची, लावायची, धुवायची, वाळवायची, एवढ्यात साध्या ४० रुपयांच्या किसणीवर काम होऊन जातं. ड्रमवाली किसणी तेव्हाच कामाची जेव्हा दारात खोकं भरलेलं आहे आणि उद्या पुन्हा भरणार आहे. गच्चीवर झुकिनी, कोहळं, दुधी असलं काही पिकवणारं माणूस घरात असेल तर जरूर घ्या. यांचं पुढच्या हंगामाचं बियाण्याचं पाकीट आत्ताच येऊन पडलंय, तेव्हा आमचा प्रश्न मिटलेला आहे.

घेताना तीनही ड्रम दुकानातच बसवून, दांडा फिरवून बघा. काही खोक्यांत ड्रम ठीक बसत नाही, कडेला घासतो. सुटा ड्रम मिळतो का ते आत्ताच विचारून ठेवा, नंतर मिळेल असं सांगतात आणि मिळत नाही. पक्कं बिल मागा. आणि चिकटते की नाही हे बघायला दुकानदार ती काउंटरच्या काचेवर लावून दाखवतील, तिथे ती चिकटतेच. त्यांना म्हणा, भाऊ, खाली पायरीच्या दगडावर लावून दाखवा.